निकालाच्या आधीची पानं

उच्च न्यायालयाचं निकालपत्र हातात आलं की मी शेवटच्या परिच्छेदाकडे वळत नाही. कोण जिंकलं हे तोवर वर्तमानपत्रात आलेलं असतं. मी पहिलं पान वाचते. रिट याचिका आहे की पुनरीक्षण अर्ज, पहिलं अपील की दुसरं. खालच्या कोर्टात दावा कोणत्या टप्प्यावर होता. कोणत्या निशाणीवरचा हुकूम इथवर आला. आणि अर्जदारानं नेमकं मागितलं काय होतं. एवढं कागदावर उतरवून झालं की मग कारणांना हात घालायचा. सांगलीत कायदा शिकवायला लागले तेव्हापासूनची ही सवय आहे. एका मासिकासाठी मुंबई उच्च न्यायालयाच्या निकालांवर टिपणं लिहू लागले आणि ती आणखी पक्की झाली.

माझा विषय दिवाणी प्रक्रिया संहिता. मुलं येतात ती संविधानाच्या आणि फौजदारी कायद्याच्या ओढीनं. प्रक्रियेचा तास म्हणजे कलमं, आदेश आणि नियम पाठ करण्याचा तास असं त्यांना सुरुवातीला वाटतं. मला हा विषय कधीच कोरडा वाटला नाही. माणसाचा हक्क कोर्टात टिकतो की बुडतो हे पुष्कळदा प्रक्रियेतल्या एखाद्या कलमावर ठरतं, आणि ज्याचा हक्क बुडाला त्याला ते कलम कोणतं हे कुणी सांगितलेलं नसतं.

'हायकोर्टानं याचिका फेटाळली' अशी बातमी येते. गावात तिचा अर्थ होतो की तो माणूस खोटा ठरला. निकाल उघडून पाहावा तर कोर्टानं एवढंच म्हटलेलं असतं की कायद्यात अपिलाची सोय आहे, तिकडे जा, दोन्ही बाजूंचे सगळे मुद्दे खुले ठेवले आहेत. मनाईच्या अर्जाचंही तेच. निशाणी ५ चा अर्ज ऐकताना कोर्ट प्रथमदर्शनी कुणाची बाजू दिसते, सोयीचा समतोल कुणीकडे आहे आणि न भरून येणारं नुकसान कुणाचं होईल, एवढंच पाहतं. हक्काचा निवाडा पुढे पुराव्यानंतर व्हायचा असतो. पण तो अर्ज नामंजूर झाला म्हणजे दावाच गेला असं समजून पडत्या भावात तडजोड करून मोकळी झालेली माणसं मी पाहिली आहेत. माझी टिपणं मी त्यांच्यासाठी लिहिते. वकिलांनी वाचली तर आनंदच आहे.

निकालांवर लिहिताना कायद्याच्या शिक्षकाला जी मोकळीक असते ती दुसऱ्या कुणाला नसते. वकिलाला पक्षकार असतो आणि उद्या त्याच न्यायमूर्तींपुढे उभं राहायचं असतं. न्यायाधीश आपल्या निकालाबद्दल बाहेर काही बोलत नाहीत, आणि ते योग्यच आहे. वार्ताहराला संध्याकाळपर्यंत मजकूर द्यावा लागतो. शिक्षकाला अशील नाही, घाई नाही, आणि ग्रंथालय हाताशी आहे. एवढं असूनही जो निकालाचा फक्त सारांश लिहून थांबतो, त्यानं ती मोकळीक वाया घालवली असं माझं मत आहे.

या मोकळिकीतून काय घडू शकतं हे मी दरवर्षी वर्गात एका प्रकरणातून शिकवते. तुकाराम विरुद्ध महाराष्ट्र राज्य. २६ मार्च १९७२ ची रात्र, तेव्हाच्या चंद्रपूर जिल्ह्यातलं देसाईगंज पोलीस ठाणं. चौदा ते सोळा वर्षांची एक आदिवासी मजूर मुलगी भावाच्या तक्रारीवरून ठाण्यात आणली गेली होती. तिथल्या शिपायानं आपल्यावर बलात्कार केला आणि हेड कॉन्स्टेबलनं विनयभंग केला, असं तिनं सांगितलं. चंद्रपूरच्या सत्र न्यायालयानं १९७४ मध्ये दोघांना निर्दोष सोडलं. नागपूर खंडपीठानं १९७६ मध्ये तो निकाल फिरवला आणि शिपायाला पाच वर्षांची, हेड कॉन्स्टेबलला एक वर्षाची शिक्षा दिली. भीतीपोटी निमूट राहणं म्हणजे संमती नव्हे, हे उच्च न्यायालयानं स्वच्छ शब्दांत मांडलं होतं. १५ सप्टेंबर १९७८ रोजी सर्वोच्च न्यायालयानं तो निकाल रद्द केला. अंगावर जखमा नाहीत आणि प्रतिकाराची खूण नाही, ही त्यातली मोठी कारणं.

वर्ष उलटलं. १६ सप्टेंबर १९७९ रोजी उपेंद्र बक्षी, लोतिका सरकार, रघुनाथ केळकर आणि वसुधा धागमवार या कायद्याच्या चार अध्यापकांनी भारताच्या सरन्यायाधीशांना एक खुलं पत्र लिहिलं. मुलांना मी ते पत्र सबंध वाचायला लावते. त्यात संताप आहे, पण तो निकालाच्या वाक्यावाक्याला धरून चालतो. उच्च न्यायालयानं काय म्हटलं, सर्वोच्च न्यायालयानं त्यातलं काय घेतलं आणि कशाला उत्तरच दिलं नाही, हे ते दाखवत जातं. संमती आणि शरणागती यांत कायद्यानं जो फरक केला आहे तो निकालात कुठे हरवला, हे विचारतं. मुलीचं वय, तिची गरिबी, पोलीस ठाण्याचा धाक यांची नोंद निकालात का नाही, हेही विचारतं. दिल्लीजवळच्या खेड्यांतल्या पोलीस ठाण्यांत गरिबाच्या वेषात, ओळख न देता जाऊन पाहा, अशी विनंती ते थेट सरन्यायाधीशांना करतं.

मला त्या पत्रातली सर्वांत महत्त्वाची जागा मात्र प्रक्रियेची वाटते. स्त्रियांना पोलीस ठाण्यात बोलावण्याच्या प्रथेवर सर्वोच्च न्यायालयानंच नंदिनी सत्पथी प्रकरणात, १९७८ च्याच एप्रिलमध्ये, कडक शब्दांत नापसंती नोंदवली होती. २०२४ पर्यंत लागू असलेल्या फौजदारी प्रक्रिया संहितेचं कलम १६० सांगत होतं की चौकशीसाठी स्त्रीला तिच्या राहत्या घराबाहेर कुठेही हजर राहायला लावता येत नाही. पत्रानं त्या निकालाची आठवण करून दिली. तेव्हा 'तिनं आरडाओरड का केली नाही' या प्रश्नाच्याही आधी एक प्रश्न उभा राहतो. रात्रीच्या वेळी ती मुलगी ठाण्यात थांबली कशी, आणि कुणाच्या हुकमानं? निकालात हा प्रश्न कुणी विचारलाच नव्हता. चार शिक्षकांनी तो पाहिला, कारण ते निकालाच्या आधीची पानं वाचत होते.

त्या मुलीच्या खटल्यात पुढे काही बदललं नाही. दोघांची सुटका कायम राहिली. कायदा मात्र बदलला. देशभर स्त्रियांच्या संघटना रस्त्यावर आल्या, विधी आयोगानं १९८० मध्ये आपला चौऱ्याऐंशीवा अहवाल दिला आणि १९८३ मध्ये दुरुस्ती झाली. कोठडीतल्या बलात्काराचा वेगळा, कडक गुन्हा आला. तिथे स्त्रीनं संमती नव्हती असं शपथेवर सांगितलं तर न्यायालयानं तसं गृहीत धरावं असं कलम ११४-अ पुरावा कायद्यात आलं. असे खटले बंद दरवाजाआड चालवण्याची आणि पीडितेचं नाव न छापण्याची तरतूद झाली. म्हणून मी वर्गातही ते प्रकरण आरोपीच्या नावानं ओळखल्या जाणाऱ्या मथळ्यानंच शिकवते. मुलीचं नाव सगळीकडे छापून आलं आहे हे मला ठाऊक आहे. तरी मी ते घेत नाही.

आमच्यासारख्या जिल्ह्याच्या ठिकाणच्या शिक्षकाच्या वाट्याला असं पत्र लिहिण्याचा प्रसंग सहसा येत नाही. आमचं काम लहान कलमांवर चालतं, आणि लहान कलमंही माणसांची वर्षं खातात. त्यातल्या एकावर मी सर्वांत जास्त लिहिलं. ते म्हणजे दिवाणी प्रक्रिया संहितेचं कलम ९-अ. हे कलम फक्त महाराष्ट्राचं होतं. एकाच उच्च न्यायालयाच्या अधिकाराखाली असूनही पणजीच्या खंडपीठाकडे जाणाऱ्या गोव्यातल्या दाव्यांना ते लागू नव्हतं, कारण महाराष्ट्राच्या विधिमंडळानं केलेली ती दुरुस्ती होती.

त्याचा उगम मुंबईच्या नगर दिवाणी न्यायालयात आहे. सरकारविरुद्ध दावा लावायचा तर कलम ८० ची दोन महिन्यांची नोटीस द्यावी लागते. ती न देताच लोक दावा लावत आणि लगोलग मनाई मिळवत. अधिकारक्षेत्राची हरकत आली तरी ती न पाहता मनाई देता येते, असा १९५८ चा मुंबई उच्च न्यायालयाचा निकाल त्यांच्या हाताशी होता. मग नवा दावा लावण्याची मुभा घेऊन पहिला दावा काढून घ्यायचा. तोवर मनाईचा फायदा मिळून गेलेला असे. हा गैरवापर थांबवण्यासाठी १९७० मध्ये विधिमंडळानं कलम घातलं आणि केंद्राच्या १९७६ च्या मोठ्या दुरुस्तीनंतर १९७७ मध्ये ते पुन्हा घातलं. मनाईच्या अर्जाच्या वेळी कुणी अधिकारक्षेत्राची हरकत घेतली तर आधी तो मुद्दा प्राथमिक मुद्दा म्हणून ठरवायचा, मग मनाईचं बघायचं. हेतू चांगला होता. पण १९७६ च्याच दुरुस्तीनं, तातडी असेल तर न्यायालयाच्या परवानगीनं नोटिशीशिवाय सरकारविरुद्ध दावा लावण्याची वाट दिली होती. ज्या रोगासाठी औषध होतं तो बराचसा ओसरला, औषध मात्र चालू राहिलं, आणि ते सगळ्या महाराष्ट्रातल्या सगळ्या दाव्यांना पाजलं जाऊ लागलं.

पुढचं मी आमच्या भागात डोळ्यांनी पाहिलं. 'अधिकारक्षेत्र' या शब्दात मुदतीची हरकतही येते असा अर्थ लावला गेला. प्राथमिक मुद्द्यावर पुरावा द्यायचा असेल तर तो द्यायची संधी मिळाली पाहिजे, असं उच्च न्यायालयाच्या खंडपीठानं १९९८ मध्ये मेहेर सिंग प्रकरणात म्हटलं. तर्क चुकीचा नव्हता, पण परिणाम असा की एका दाव्याचे दोन दावे झाले. आधी मुदतीच्या मुद्द्यावर सरतपास, उलटतपास, युक्तिवाद, हुकूम. त्यावर पुनरीक्षण अर्ज मुंबईला. प्रतिवादी हरला तरी तो जाऊ शकत होता, कारण हरकत मान्य झाली असती तर दावाच संपला असता, आणि २००२ च्या दुरुस्तीनंतरचं कलम ११५ अशाच हुकमांना वर येऊ देतं. मुंबईहून स्थगिती आली की इथली फाईल कपाटात.

माझं पहिलं टिपण छापून आल्यावर मिरजेजवळच्या एका गावातले एक काका कागदांची पिशवी घेऊन घरी आले. त्यांनी साठेखतानं जमीन घ्यायचं ठरवलं होतं, पैसे दिले होते, खरेदीखत होत नव्हतं, म्हणून करारपूर्तीचा दावा लावला होता. अशा दाव्याला मुदत तीन वर्षांची. करारात तारीख ठरली असेल तर त्या तारखेपासून, नसेल तर समोरच्यानं नकार दिल्याचं कळलं त्या दिवसापासून. त्यांच्या साठेखतात तारीख नव्हती. मग नकार कळला कधी? तलाठी कचेरीबाहेर झालेल्या बोलाचालीत, की नंतर आलेल्या नोटिशीनं? हे साक्षीपुराव्याशिवाय ठरणारच नव्हतं, आणि तेच साक्षीदार मुख्य दाव्यातही लागणार होते. काका मला म्हणाले, "बाई, माझं खरं का खोटं ते कोणी इचारतच न्हाई, मी येळंत आलो का न्हाई एवढंच चाललंय." मी त्यांच्या वकिलांच्या कामात ढवळाढवळ केली नाही. त्यांच्या संमतीनं मी रोजनामा तेवढा वाचला.

रोजनामा वाचायला मला माझ्याच एका विद्यार्थ्यानं शिकवलं. तो आता न्यायाधीश आहे. "मॅडम, तुम्ही निकाल वाचता, रोजनामा वाचत नाही," असं तो एकदा म्हणाला, आणि त्यात तथ्य होतं. निकालपत्रात प्रकरणाची वर्षं एका वाक्यात उरकतात. रोजनाम्यात ती तारखेतारखेनं दिसतात. समन्सचा बेलिफ अहवाल नाही. प्रतिवादीतर्फे कैफियतीसाठी मुदतीचा अर्ज, खर्चासह मंजूर. न्यायाधीश रजेवर. वकील हजर नाहीत. ९-अ खाली अर्ज. वादीचं म्हणणं दाखल. मुद्दा काढला. साक्षीदार हजर, वेळेअभावी तपास नाही. साक्षीदार गैरहजर. आणि मग पानंच्या पानं एकच ओळ: मा. उच्च न्यायालयाचा स्थगिती आदेश, पुढील तारीख. साक्षीदारांपैकी एक दरम्यानच्या काळात वारले होते. त्याचीही नोंद एका ओळीत होती. प्रक्रियेच्या कलमावर टीका करताना मी तेव्हापासून रोजनाम्याची पानं सोबत ठेवते. पुस्तकातून शिकवताना जे कलम निरुपद्रवी वाटतं, ते तिथे माणसाच्या वयाशी जोडलेलं दिसतं.

२०१५ मध्ये तर सर्वोच्च न्यायालयाच्याच दोन खंडपीठांची मतं वेगळी झाली. फोरशोअर गृहनिर्माण संस्थेच्या प्रकरणात मुदतीचा मुद्दा ९-अ खाली येतो असं ठरलं. कमलाकर साळुंखे प्रकरणात 'अधिकारक्षेत्र' या शब्दाचा अर्थ आखूड धरला गेला. आमच्या तालुका कोर्टातल्या न्यायाधीशानं कुणाचं ऐकायचं? त्या वर्षीच्या टिपणात मी लिहिलं होतं की मुदत हा बहुधा कायदा आणि वस्तुस्थिती यांचा मिसळलेला प्रश्न असतो, तो दाव्याच्या शेवटी इतर मुद्द्यांबरोबर ठरणंच न्यायाचं आहे. विधिमंडळानं २०१८ मध्ये हे कलम वगळलं. आधीच निघालेल्या प्राथमिक मुद्द्यांचं काय, यावर त्याच वर्षी दुसरी दुरुस्ती करून ते जुन्याच कलमाखाली निकाली काढायचे असं ठरवावं लागलं. अखेर ४ ऑक्टोबर २०१९ रोजी नसली वाडिया प्रकरणात तीन न्यायमूर्तींच्या पीठानं फोरशोअरचा निकाल चुकीचा ठरवला. पुराव्याशिवाय न ठरणारे मुदतीसारखे मिश्र प्रश्न या कलमात येत नाहीत, असं पीठानं म्हटलं. मोठ्या वर्तमानपत्रांत याची बातमी कुठेतरी कोपऱ्यात असेल. आमच्या बाररूममध्ये त्या दिवशी दुसरा विषय नव्हता.

लिहिताना काही पथ्यं मी पाळते. निकालाबद्दल लिहायचं, न्यायमूर्तींबद्दल नाही. प्रकरण अजून चालू असेल तर साक्षीपुराव्यावर मत द्यायचं नाही. जिथे असहमती आहे तिथे न्यायालयाचं म्हणणं त्याच्या सर्वांत भक्कम रूपात आधी मांडायचं. नवे शिक्षक मला विचारतात, अवमानाची भीती वाटत नाही का? न्यायालय अवमान अधिनियम, १९७१ चं कलम ५ वाचा, असं मी सांगते. सुनावणी होऊन अंतिम निकाल लागलेल्या प्रकरणाच्या गुणदोषांवर रास्त भाष्य करणं हा अवमान नाही, असं ते कलमच म्हणतं. रास्त राहण्याची जबाबदारी आपली. ती पेलायची तर सबंध निकाल वाचावा लागतो, आणि न वाचता लिहिणाऱ्यांची मला चीड येते, मग ते निकालाची स्तुती करत असोत की निंदा.

आता आमच्या भागात एक मोठा बदल झाला आहे. १८ ऑगस्ट २०२५ पासून मुंबई उच्च न्यायालयाचं सर्किट बेंच कोल्हापुरात बसू लागलं. कोल्हापूर, सांगली, सातारा, सोलापूर, रत्नागिरी आणि सिंधुदुर्ग, या सहा जिल्ह्यांची प्रकरणं तिथे चालतात. इथल्या वकिलांनी चार दशकांहून जास्त काळ ही मागणी लावून धरली होती. तोवर हायकोर्टाची तारीख म्हणजे रात्रीची महालक्ष्मी एक्स्प्रेस, पहाटे मुंबई, दिवसभर कोर्टाच्या व्हरांड्यात थांबणं, आणि बोर्डावर नंबर न लागल्यास तसंच परत. त्यात मजुरी बुडायची ती वेगळीच. काकांनी ती गाडी कितीदा धरली हे त्यांनाही सांगता येणार नाही.

बेंच जवळ आलं म्हणजे न्याय आपोआप जवळ येतो असं मी मानत नाही. ते तपासायला हवं, आणि ते काम माझ्यासारख्यांचं आहे. आमच्या भागात शेतजमिनीचे, वाटपाचे, वहिवाटीचे वाद दुसऱ्या अपिलापर्यंत जातात. दिवाणी प्रक्रिया संहितेचं कलम १०० सांगतं की दुसरं अपील केवळ कायद्याच्या महत्त्वाच्या प्रश्नावर ऐकता येतं, आणि तो प्रश्न उच्च न्यायालयानं स्पष्ट लिहून काढला पाहिजे. प्रश्न न काढता दिलेले निकाल सर्वोच्च न्यायालयानं वारंवार परत पाठवले आहेत, आणि प्रत्येक वेळी पक्षकाराची आणखी वर्षं गेली आहेत. म्हणून शेवटच्या वर्षाच्या मुलांना मी या सत्रात कोल्हापूरला पाठवते आहे. कोर्टात मागच्या बाकावर बसायचं, दुसऱ्या अपिलांचा बोर्ड उतरवून घ्यायचा, दाखल करून घेताना प्रश्न लिहिला गेला का ते पाहायचं, दावा मुळात कोणत्या साली लागला ते नोंदवायचं आणि शक्य असेल तिथे खालच्या कोर्टातला रोजनामा वाचायचा. पहिल्या काही वह्या माझ्या टेबलावर आल्या आहेत. दोघींनी दाव्याचं वर्ष लिहायचं सोडून दिलंय. त्यांना परत पाठवायचं आहे.